आबांसमोर वाचता येईल असा खून

आमच्या वाचन मंडळात पुस्तक घरी वाचून यायची पद्धत नाही. सुरुवातीला होती. पण वाचून आले म्हणणाऱ्या बायका प्रत्यक्षात पाठीमागचा मजकूर तेवढा वाचून येत आणि चर्चेच्या वेळी "छान आहे, मनाला लागतं" एवढंच बोलून चिवड्याकडे वळत. म्हणून मोठ्यानं वाचायचं ठरलं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ऐकताना हात रिकामे ठेवायचे नाहीत. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, ब्लाउजला हुक लावायचे. उठेपर्यंत पुस्तकाचं एखादं प्रकरण झालेलं असतं आणि रात्रीच्या भाजीची तयारीही. बाहेरच्यांना हे हसण्यासारखं वाटतं. आम्हाला सोयीचं वाटतं.

जागा शाहूपुरीत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतं, त्या दुपारी माडी आमची. दुकानमालकाची बायको म्हणजे मंडळाची सर्वेसर्वा. तिला आम्ही शेठाणी म्हणतो. तिला ते आवडतं.

मी राहते कसबा बावड्यात. घरी सासरे. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, उलट जरा जास्तच धारदार झाली. तोवर मी शाहूपुरीतच एका सीएच्या ऑफिसात कामाला होते. नोकरी मला कुणी सोडायला लावली नाही. आम्ही घरात बसून सगळे पर्याय मांडून पाहिले आणि त्यांतला सर्वांत स्वस्त पर्याय मी निघाले. तेव्हापासून आबांच्या कॉटशेजारची खुर्ची माझी. उठून लांब गेले तर ते चांगल्या हातानं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. तो आवाज गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा येतो.

त्यामुळे मंडळाची दुपार मला फार महत्त्वाची होती. आठवड्यातून तेवढीच एक दुपार मी घराबाहेर असायचे. त्या दिवशी माझी नणंद कळंब्याहून स्कूटीवरून यायची आणि वडिलांजवळ बसायची. बाजारात हिंडायला किंवा भिशीला जाते म्हटलं असतं, तर ती आली नसती. वाचायला जाते म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही. मंडळ बंद पडलं तर ती दुपारही गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आणि मंडळ बंद पडायला आलं होतं. आधीचं पुस्तक एका सोसणाऱ्या बाईचं होतं. ती पानोपानी सोसत होती. ऐकता ऐकता काही बायकांना झोप लागायची, काहींनी येणंच सोडलं. शेठाणीचा नवरा माडीवर पाइपचा माल ठेवायला टपलेलाच होता.

"आता परत रडकं पुस्तक आणलंसा तर मीच कुलूप घालतो बघा," शेठाणी म्हणाली. "घरात रडणं कमी हाय व्हय? कायतरी खूनबिन हुडका."

"जुनंच घ्या," भाभी म्हणाली. भाभी घरी जरीकाम करते आणि आमच्यात सगळ्यांत चांगलं वाचते. "जुनं, नावाजलेलं. नव्याचं सिरीयल निघतंय आणि आमची पोरं आधीच शेवट सांगून मोकळी होतात."

"निवडायचं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू हिशेबातली बाई," शेठाणी म्हणाली. "कोण खोटं बोलतंय ते तुला बरोबर कळणार."

मी वाचनालयातून तीन जुन्या परदेशी रहस्यकादंबऱ्या आणल्या, मराठीत भाषांतर केलेल्या. निवडायच्या तर आधी मला वाचायला हव्या होत्या, आणि मला वाचायला जागा एकच, ती खुर्ची.

"काय वाचतीस?" आबांनी विचारलं.

"खुनाची गोष्ट."

"कुणाचा झाला?"

"अजून व्हायचाय."

"मग मोठ्यानं वाच की. झाला की मला बी कळू दे."

पहिल्या कादंबरीत माणसं फार होती आणि सगळ्यांची नावं सारखीच वाटत होती. आबा त्यांना मिशीवाला, कुत्रेवाली, लंगडा असं म्हणून लक्षात ठेवू लागले, पण मधेच मिशीवाल्यानं मिशी काढली आणि त्यांनी पुस्तक बंद करायला लावलं. दुसरीत गुप्तहेर प्रत्येक पुराव्यावर पानभर बोलायचा. "ह्यो पोलीस कमी आणि कीर्तनकार जास्त हाय," असा निकाल देऊन आबा झोपले. मंडळातही यापेक्षा वेगळं काही झालं नसतं. दोन्ही बाजूला ठेवल्या.

तिसरी मात्र पहिल्याच प्रकरणात पकड घेणारी होती. डोंगरावरचा बंगला, धो धो पाऊस, दरड कोसळून रस्ता बंद. घरात मोजकी माणसं: अंथरुणाला खिळलेला श्रीमंत म्हातारा, त्याची सून, पाहुणी आलेली लेक, डॉक्टर आणि पगारी नर्स. वाक्यं आखूड, नावं सोपी. मंडळाला हवं ते सगळं होतं. फक्त म्हाताऱ्याला विष दिलं जातं ते औषधातून, आणि ते औषध रोज द्यायची ती सून.

ते पान आलं तेव्हा माझ्या एका हातात पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात आबांच्या संध्याकाळच्या गोळ्या. मी वाचता वाचता सुनेची मोलकरीण केली. अर्धं पान निभावलं.

"थांब," आबा म्हणाले. "मोलकरीण इस्टेटीत वाटा कशी मागती?"

"भाषांतर वाईट आहे."

"भाषांतर न्हाय, तू वाईट हाईस. हाय तसं वाच."

मी होतं तसं वाचलं. म्हातारा मेला. आबा समाधानानं उशीला टेकले. मग मी गोळ्या आणि पाणी पुढं केलं, तर त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आधी तू पी." आणि खोकला येईपर्यंत हसले.

मला राग आला नाही. दिवसातून तीनदा हा माणूस माझ्या हातचं न बघता गिळतो, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. त्यांनाही नसावं. पुढच्या प्रकरणात पोलिसांना बंगल्यापर्यंत पोचता येत नाही, रस्ता अजून बंदच आहे, असं आलं. आबा म्हणाले, "आपला कवा बंद झाला गं?" मी पान उलटलं.

मंडळासाठी हीच, हे मी त्याच वेळी ठरवलं. मंडळात जाऊन सांगितलं, सगळ्या खूश झाल्या. पण घरी येईपर्यंत वेगळंच घडलं होतं. नणंदेनं आबांना औषध द्यायला घेतलं, तर आबा तिला म्हणाले, "वास घिऊन बघ, सुनेनं कायतरी मिसळलंय." आणि तिनं खरोखरच बाटलीचा वास घेतला. मग त्यांनी तिला तोवर ऐकलेली सगळी गोष्ट सांगितली, रंगवून.

मी आले तेव्हा ती पर्स घेऊन दारात उभी होती.

"वैनी, आजारी माणसाच्या उशाला खुनाची पुस्तकं? आणि ती बी सासऱ्याला विष घातल्याची?"

"त्यांनीच वाचायला लावलं, वन्सं."

"त्यांचं काय ऐकतीस! उद्या म्हणतील रंकाळ्यात पवायला सोड. सोडशील?"

आतून आबा ओरडले, "सोड म्हणतो की!"

"तुम्ही गप बसा आबा." मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून, "आजाऱ्याजवळ मरणाचं बोलू नये, एवढं बी कळत न्हाय तुला? ते पुस्तक घरात असलं तर मी न्हाय येणार. सांगून ठेवतो."

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. "तिचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "दुसरं पुस्तक घे की. पुस्तकांना काय तोटा?" त्याला आमटी वाढली. असा सल्ला द्यायला फार काही लागत नाही.

मी खून परत केला आणि एका हाराच्या चोरीचं पुस्तक आणलं. तेही जुनं, तेही नावाजलेलं, आणि त्यात कुणी मरत नव्हतं. आबा माझ्याशी बोलेनासे झाले. नणंद यायला लागली. मंडळात भाभीनं हाराची चोरी वाचायला घेतली.

"ह्यात मरतंय कोण?" शेठाणीनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग ऐकायचं कशाला? हार जायला बंगला लागतोय व्हय? माझ्या जावेचा लग्नाच्या मांडवातनं गेला. अजून हुडकतोय आम्ही."

पुढच्या आठवड्यात आणखी दोघी आल्या नाहीत. जिन्यात पाइपचे पहिले गठ्ठे येऊन पडले होते. ते ओलांडून आम्ही वर गेलो. भाभीनं पुस्तक मिटलं आणि मला सरळ विचारलं, "तुम्ही तर बंगल्यातला खून सांगितलेला. बदलला का?"

मी जे झालं ते सांगितलं. आबा, बाटलीचा वास, नणंद, सगळं. ते सांगायला नको होतं.

सगळ्या पोट धरून हसल्या. मग शेठाणी एकदम गंभीर झाली. "एवढंच न्हवं? मग आम्हीच येतो की बावड्याला! एवढ्या जणी समोर बसलो तर तुझी नणंद काय बोलती बघू. म्हाताऱ्याला बी ऐकायला मिळंल. आणि ह्यांना पाइप ठिवू दे की हितं, रोज डोकं खातात. तुझी बी जायची-यायची दगदग वाचंल."

"मला दगदग होत नाही."

"गप गं. आम्हाला लाजतीस व्हय? आम्ही काय पावणं हाय?"

मी परत नको म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. आमच्याकडं येतो म्हणणाऱ्याला नको म्हटलं की तो अजून जास्त डबे घेऊन येतो. पुढच्या आठवड्यात दारात दोन रिक्षा थांबल्या. मेथीच्या जुड्या, सोलायचा लसूण, शेंगदाण्याचे लाडू आणि वाचनालयातून परत आणलेला तो खून, असं सगळं उतरलं.

"कसं हाय आबा?" भाभी म्हणाली. "तुमच्याकडं खून ऐकायला आलोय."

आबांनी मला टोपी द्यायला लावली. उशा वाढवून बसले. इतक्या बायका आपल्या खोलीत बघून त्यांचा चेहरा असा झाला की नणंदेला त्यांच्यासमोर काही बोलता येईना. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली.

भाभी सुरेख वाचते. प्रत्येक पात्राला निराळा आवाज देते. सुनेला तिनं माझा आवाज दिला: तुटक, घाईचा. सगळ्या हसल्या. मी चहा गाळत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की भांडी आपटायची थांबली आहेत. नणंद दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"सूनच," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

"सून असती तर पयल्याच पानात उरकलं असतं," आबा म्हणाले. "सुनंला येळ कुठं असतोय?"

"आणि लेक?" शेठाणी लसूण सोलता सोलता म्हणाली. "कवातरी येती, बापाजवळ दोन घटका बसती, घरभर नजर फिरवती आणि जाती."

"मी कुठं नजर फिरवली?" नणंद उसळली.

"तुला कोण म्हणतंय बाई? पुस्तकातल्या लेकीचं म्हणतोय."

हशा झाला. नणंदेचा चेहरा लाल झाला, पण ती गेली नाही. माझ्या खुर्चीवर बसली, मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि म्हणाली, "दिवा लावायच्या आत आटपा. दिव्यानंतर मरणाचं न्हाय." तेवढ्या अटीवर अपशकुन मिटला.

मग ते तसंच सुरू झालं, आणि सगळ्यांना फार आवडलं. मंडळातल्या न येणाऱ्या बायका परत यायला लागल्या. माडीवर पाइप गेले, शेठाणीचा नवरा खूश. नणंद पूर्वी उशिरा यायची ती वेळेआधी यायला लागली. आबा आदल्या दिवशी दाढी करून मागायचे. नवरा म्हणाला, "बघ, किती सोयीचं झालं." सगळ्यांचं सगळं जमलं होतं. पुस्तकातसुद्धा दरड उपसून रस्ता मोकळा झाला, पोलीस पोचले. आणि माझी बाहेर जायची एकमेव दुपार आता आठवड्यातली सगळ्यांत बांधलेली दुपार झाली होती. सकाळी खोली झाडायची, शेजारच्यांकडून खुर्च्या आणायच्या, एवढ्या जणींचा चहा, नंतर कप, नंतर खुर्च्या परत. त्या काळात मी बावड्याबाहेर पाऊल टाकलं नाही. तक्रार करायला जागा नव्हती. सगळ्या माझ्यासाठीच तर येत होत्या.

एका दुपारी लाडूंची ताटली घेऊन मी खोलीच्या दारात थांबले. आत भाभी वाचत होती. आबा डोळे मिटून ऐकत होते. नणंद माझ्या खुर्चीवर. बाकीच्या सतरंजीवर, कॉटच्या कडेला, खिडकीत. एका आजारी माणसाजवळ इतक्या बायका बसल्या होत्या आणि तरी मी घरात होते. ही साधी बेरीज मला इतके आठवडे सुचली नाही, याचा मला चांगलाच राग आला. हिशेबातली बाई म्हणे.

मी ताटली खाली ठेवली. साडी बदलली, पर्स घेतली, चपला घातल्या.

"कुठं?" शेठाणीनं विचारलं.

"शाहूपुरीला."

"आज तिथं काय हाय? आम्ही सगळ्या हितं हाय."

"म्हणूनच."

"आणि चहा?" आबांनी डोळे उघडले.

"थर्मासमध्ये."

"माझी गोळी?"

"वन्सं देतील. वास घेऊन."

कुणी काही बोलायच्या आत मी फाटकाबाहेर होते. बस लगेच मिळाली. तिकीट काढलं आणि खिडकीशी बसते न बसते तोच फोन वाजला. नणंद.

"वैनी, आबा ऐकंनात. तू आल्याबिगर वाचायचं न्हाय म्हणतात. पुस्तकावर हात ठिवून बसलेत. सगळ्या खोळंबल्यात. माघारी ये."

मागून शेठाणीचा आवाज येत होता, कुणीतरी आबांना समजावत होतं. पुढचा थांबा जवळ आला होता. उतरायचं असेल तर उठायला हवं होतं, आणि माझे पाय सवयीनं उठायला निघालेही. मी पर्स मांडीवर दाबून धरली.

"स्पीकर लावा," मी म्हटलं.

"लावला."

"आबा, ऐकताय ना? सगळ्या ऐका. पुस्तक निवडायचं तर शेवटपर्यंत वाचावं लागतं. मी वाचलंय. खून कुणी केला ते मला माहीत आहे. आता वाचायला घेता, की सांगू?"

मग सगळ्या एकदम ओरडल्या.

"ए बया, गप! फोन ठेव!" ही शेठाणी.

"वैनी, तुला शपथ हाय!" ही नणंद.

आणि त्यांच्यावरून आबा, "वाचा, वाचा बिगीनं! ही खरंच सांगंल!"

भाभीनं वाचायला सुरुवात केल्याचं ऐकलं आणि मी फोन बंद केला. बसमधली शेजारची बाई माझ्याकडं बघत होती. थांबा मागं गेला.

शाहूपुरीत दुकानाचं शटर खाली होतं, माडीच्या खिडक्या बंद. माझ्या जुन्या ऑफिसच्या जिन्याजवळून गेले. वर गेले नाही. चहा प्यायले, तो गार होता. बराच वेळ नुसती चालले. फार मोठा आनंद वगैरे झाला नाही. सवय मोडल्यामुळं पोटऱ्या दुखल्या. पण घाईनं परतावं असंही वाटलं नाही.

दिवेलागणीला घरी आले. बायका गेल्या होत्या. कप धुऊन पालथे घातलेले होते, खुर्च्या शेजारी पोचल्या होत्या. "गोळी दिली," एवढंच बोलून नणंद स्कूटीवर बसली.

स्कूटीचा आवाज लांब गेल्यावर आबांनी विचारलं, "फुडच्या बारीला बी जाणार?"

"जाणार."

"मग जाताना खुनी कोण तेवढं सांगून जा."

"ते सांगितलं तर तुम्ही मला सोडाल कशाला?"

"ते बी खरं हाय," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

पुस्तक संपेपर्यंत मी दर आठवड्याला गेले. दर वेळी निघताना कुणीतरी काहीतरी काढायचं: साखर सापडत नाही, आबांची उशी घसरली, आज पाऊस येईल. मी चप्पल घालता घालता "खून तर..." एवढं म्हटलं की दार मोकळं व्हायचं. शेवटी खुनी नर्स निघाली. त्या दिवशी मी घरी नव्हते, पण आबांनी पुढचे कितीतरी दिवस तक्रार केली. "पगारी माणसानं मारण्यात काय मजा? घरात एवढी माणसं असताना!" नणंदेचं अजूनही म्हणणं आहे की सूनच असणार, पोलिसांनी नीट तपास केला नाही.

पुढचं पुस्तक निवडायचं काम पुन्हा माझ्याकडंच आलं. खून संपला तसं माझ्या हातात काही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात आबांनी चमचा दोनदा जास्त वाजवला आणि नणंदेनं स्कूटी बिघडल्याचा फोन केला. आबांचा डोळा लागल्यावर मी वाचनालयात गेले. रहस्यकथांच्या कपाटापुढं उभी राहिले. कुणाची नावं सोपी आहेत, कुठं सासरा मरतो, कुठं सून अडकते, यातलं काही पाहिलं नाही. पुस्तकं काढून टेबलावर आडवी ठेवली, एकमेकांना लावून पाहिली, आणि त्यांतलं सगळ्यांत जाड उचललं.